गाजर गवताची खाज रक्तात सापडत नाही

पाऊस सुरू झाला की परभणी जिल्ह्यात बांध, पडीक जागा आणि रस्त्यांच्या कडा गाजर गवताने भरून जातात. खुरपणीला जाणाऱ्या काही बायांच्या आणि शेतात राबणाऱ्या काही गड्यांच्या पापण्या सुजतात, मान आणि कोपराची घडी आग करते. त्रास जुना झाला की कातडी जाड आणि काळपट पडते. अशा रुग्णाला आता कुणीतरी हमखास सुचवतं: शहरात जा, रक्ताची नवी 'मॉलिक्युलर' चाचणी करून घ्या, एका नमुन्यात शंभरावर ॲलर्जी कळतात.

चाचणी खोटी नाही. जुन्या तपासणीत शेंगदाण्याचा सबंध अर्क वापरला जातो. ही चाचणी त्यातलं एकेक प्रथिन सुटं करून रक्तातली 'आयजीई' प्रतिपिंडं नेमकी कशाला चिकटतात ते पाहते. 'आरा एच २' हे प्रथिन भाजल्यावरही टिकतं. त्यावर प्रतिपिंडं सापडली तर गंभीर झटक्याची शक्यता धरावी लागते. 'आरा एच ८' उष्णतेने मोडतं, त्याचा त्रास बहुधा ओठ-तोंडाच्या खाजेवर थांबतो. कुटाशिवाय भाजी न होणाऱ्या घरात हा फरक मोलाचा आहे. शिवाय खाजेच्या गोळ्या चालू असल्या तरी निकाल बदलत नाही.

गाजर गवताची गोष्ट निराळी. पुण्यात १९५५च्या सुमारास नोंदवल्या गेलेल्या या परदेशी तणात 'पार्थेनिन' नावाचं रसायन असतं. त्याने होणारा त्वचारोग मुख्यतः आयजीई नव्हे, तर रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी पेशी घडवतात आणि तो सावकाश उमटतो. आयजीई मोजणारी चाचणी कितीही महाग असो, तिचा अहवाल कोरा आला म्हणून गवत निर्दोष ठरत नाही. त्याच गवताच्या परागकणांनी शिंका किंवा दमा होत असेल, तर मात्र रक्ततपासणी कामाची ठरू शकते. तिथेही अहवालातला 'पॉझिटिव्ह' म्हणजे आजार नव्हे. लक्षणांशी मेळ बसला तरच त्याला अर्थ.

त्वचेच्या या त्रासाला लागते पॅच टेस्ट. संशयित पदार्थ लावलेली पट्टी पाठीवर चिकटवायची, ४८ तासांनी काढायची आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहायची. या टेस्टसाठीच्या पदार्थांच्या भारतीय प्रमाण संचात गाजर गवताचा समावेश आहे. यंत्र लागत नाही, बहुधा म्हणूनच तिची जाहिरातही दिसत नाही. अडचण मजुरीची आहे: तीन फेऱ्या म्हणजे तीन रोज बुडाले, आणि उन्हाळ्यात पट्टी घामाने सुटते ते वेगळंच.

गवत आटोक्यात आणण्यासाठी परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ते खाणारे मेक्सिकन भुंगे शेतकऱ्यांना पुरवतं. १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो. त्याच सप्ताहात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागाने गावपातळीवर पॅच टेस्ट न्यावी आणि पट्टी पाहायला डॉक्टरांनीच गावात परत यावं. महागड्या रक्तचाचणीची चिठ्ठी लिहिण्याआधी एवढं तरी व्हायला हवं.