चौकटीतलं वाक्य

परवा नातू पनवेलहून कर्जतला राहायला आला. बारावीला आहे, एका मोठ्या क्लासला जातो (नाव कशाला घ्या!). त्याच्या वहीत लाल शाईच्या चौकटीत एक वाक्य होतं: मुक्त ऊर्जेतला बदल उणे असेल तर क्रिया होते, अधिक असेल तर होत नाही. शेजारी पुस्तकातल्या तक्त्याचे आकडे आणि प्रत्येकापुढे बरोबर किंवा फुली. संपला धडा.

मी मराठी माध्यमातला बी.ए. नोकरीच्या सुरुवातीला गणित शिकवावं लागलं, तेवढंच. पण हे वाचून स्वस्थ बसवेना. अहो, तक्त्यातला आकडा 'प्रमाणित' बदलाचा. क्रिया होईल की नाही हे तो सांगत नाही, समतोल कुठे येईल ते सांगतो!

जुनं लॉग टेबल काढलं. ग्लुकोज-१-फॉस्फेटचं ग्लुकोज-६-फॉस्फेट होताना हा बदल उणे ७.३ किलोज्यूल. २५ अंश सेल्सिअसला ८.३१४ गुणिले २९८, म्हणजे सुमारे २४७८ ज्यूल. ७३०० ला त्याने भागा, पुन्हा २.३०३ ने भागा, आले १.२८. अँटिलॉग १९. म्हणजे २० मिलिमोलर घेऊन सुरुवात केली तर समतोलाला १९ एकाचे, १ दुसऱ्याचा. उणे असूनही विसावा हिस्सा उरलाच की.

आता फुलीवाली क्रिया घ्या. पेशीत साखरेचे दोन तुकडे होतात. त्यातला डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन फॉस्फेट हा तुकडा ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट झाल्याशिवाय पुढे जात नाही, आणि इथे बदल अधिक ७.५. त्याच रीतीने गणित करा: समतोलाला शंभरात जेमतेम पाच रेणू बदललेले. चौकटीप्रमाणे ही क्रिया व्हायलाच नको. मग आपण खाल्लेल्या भाताची अर्धी साखर तिथेच अडकायची! ती अडकत नाही, कारण ते पाच पुढचं एन्झाइम उचलून नेतं आणि त्यांच्या जागी नवे तयार होतात.

नातवाला खोपोलीचं उदाहरण दिलं. १९१५ पासून टाटांच्या वीजघरात घाटावरचं पाणी उतरतंय. खालचं पाणी पाताळगंगेत वाहून जातं म्हणून बरं, तिथेच तुंबलं असतं तर?

"आजोबा, परीक्षेत एवढं विचारत नाहीत," तो म्हणाला. क्लासवाल्यांचंही हेच उत्तर असणार. मान्य. पण मग वेळ नाही म्हणून सोडून द्या, खोटं चौकटीत कशाला घालता? पाच मिनिटांचं गणित आहे हो, मोबाइलवर तर दोनच.

असो. लॉग टेबल तो पनवेलला घेऊन गेलाय. पुढच्या रविवारी एटीपीचं गणित.