मुक्त प्रणाली आणि ओसरीवरचे डिझायनर

‘भंडारदरा’ या नावाला विभक्ती लागली की ते ‘भंडारदऱ्याला’ होते. ज्या अक्षरसंचात ‘ऱ्य’ नीट घडविलेला नाही तेथे ‘भंडारदर्याला’ उमटते, आणि सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होतो. विनोद म्हणून हे ठीक. परंतु वनहक्काचा दावा ज्या मराठीत लिहिला जातो तिला असा विनोद परवडत नाही. ‘ऱ्य’ संगणकात कसा साठवावा हे तंत्रज्ञ ठरवितात. पण त्याचा बाक कसा असावा, लहान आकारात तो पुसट होऊ नये म्हणून काय करावे, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापासून वेगळे कसे राखावेत, हा निर्णय डिझायनरचा असतो. आणि मुक्तस्रोत संगणकप्रणालींच्या चळवळीने या डिझायनरला आजवर बहुधा ओसरीवरच बसविले आहे, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

या कारागिरीचे मोल मराठी माणसाला तरी सांगावे लागू नये. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी मायक्रोसॉफ्टसाठी रेखाटलेल्या ‘मंगल’वर असंख्य लोकांनी पडद्यावरची देवनागरी प्रथम वाचली. अक्षरे जोशींची, मालकी मात्र कंपनीची. त्यांत फेरफार करून ती इतरांना देण्याचा अधिकार कोणालाही नाही. याउलट राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’ या मुक्त अक्षरसंचाच्या आधारे मुंबईच्या आयआयटीने संस्कृत ग्रंथांसाठी ‘शोभिका’ घडविला, आणि तोही मुक्तच ठेवला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचे ‘मुक्ता’ व ‘मोदक’ हे संचही कोणालाही वापरण्यास, बदलण्यास मोकळे आहेत. एकाच्या श्रमावर दुसऱ्याने श्रम रचावेत, आणि मालकी कोणा एकाची होऊ नये, यालाच आपण सामाईक संपत्ती म्हणतो ना?

मग प्रोग्रामर-बंधू विचारतात : आमचे दार उघडेच आहे, डिझायनर येत का नाहीत? दार उघडे आहे, परंतु आत बोलली जाणारी भाषा एकच आहे, ती आज्ञावलीची. योगदान मोजावयाचे ते आज्ञावलीच्या ओळींत, आणि कोणता बदल स्वीकारावा याचा अधिकार तो लिहिणाऱ्यांकडे. एखादा डिझायनर चार दिवस लोकांशेजारी बसून, त्यांचे बोट पडद्यावर कोठे अडखळते हे पाहतो आणि सांगतो की हा प्रश्नच येथून काढून टाका. हे काम कोणत्या वहीत नोंदवावयाचे? सारे बांधून झाल्यावर त्याला बोलावून म्हणतात, एखादे बोधचिन्ह काढून द्या, रंग जरा बरे करा. घर बांधून झाल्यावर गवंड्याला तोरण लावावयास सांगण्यातलाच हा प्रकार!

हे अपरिहार्य आहे असेही नाही. त्रिमित चित्रणाची ‘ब्लेंडर’ ही प्रणाली २००२ साली वापरणाऱ्यांनी एक लाख युरो वर्गणी जमवून मुक्त करून घेतली. पुढे ‘एलिफंट्स ड्रीम’ हा लघुपट (२००६) करताना चित्रकार आणि प्रोग्रामर एकत्र बसले. चित्रकाराचे काम जेथे अडले तेथे प्रणाली सुधारली गेली. अडचण सांगणाऱ्याला तेथे तक्रारखोर मानले गेले नाही.

एक सावधगिरीचा इशारा आम्ही डिझायनरांनाही देतो. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. बड्या कंपन्या मुक्त प्रणालींवर आपला धंदा उभारतात, आणि फुरसतीचे श्रम देणे परवडते ते ज्याचे पोट दुसरीकडे भरते त्यालाच. प्रवरेवरचे हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. पाऊस वरच्या आदिवासी पाड्यांवर पडतो, ऊस खालच्या शिवारात पिकतो. सामाईक संपत्तीचा ओघ कोणाकडे वळतो हे अकोले तालुक्याला कोणी शिकवावयास नको.

म्हणून सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक मराठी प्रणालीच्या अंदाजपत्रकात डिझायनरचे वेतन पहिल्या दिवसापासून धरलेच पाहिजे, आणि त्यातून निघणारी अक्षरे व आराखडे मुक्त परवान्याखाली लोकांना मिळाले पाहिजेत. आराखडा कायम करण्यापूर्वी तो शेंडी-राजूरच्या माणसांच्या हाती द्यावा. आणि आपले जे कार्यकर्ते गावोगावी लोकांचे अर्ज भरून देतात, त्यांनी अर्ज कोणत्या प्रश्नावर अडतो, कोणते अक्षर चुकीचे उमटते, याची टिपणे आजपासूनच ठेवावीत व ती त्या प्रणालीच्या कर्त्यांकडे धाडावीत.