दारिद्र्याची झडती

आर्थिक मंदी गरीब-श्रीमंतांना एका पातळीवर आणते आणि संकटात कुटुंबे अधिक जवळ येतात, असे आपण व्यासपीठांवरून वारंवार ऐकतो. हे प्रतिपादन ऐकायला गोड असले तरी इतिहासाला धरून नाही. मंदी वर्गभेद पुसत नाही, उलट तो ठळक करते.

१९३० च्या दशकातील ब्रिटनचेच उदाहरण घ्या. महामंदीच्या तडाख्यात १९३२ च्या सुमारास तेथे जवळजवळ ३० लाख माणसे बेकार होती. जहाजबांधणी, कोळसा आणि कापड या धंद्यांवर जगणाऱ्या वस्त्यांवर अवकळा पसरली. त्याच वर्षांत, ज्यांचे पगार शाबूत होते अशा दक्षिणेकडील मध्यमवर्गाला मात्र वस्तू स्वस्त मिळत होत्या आणि कर्जावरील व्याज उतरले होते. लंडनभोवती नव्या घरांच्या रांगा उभ्या राहत होत्या. एकाच मंदीत कोणी घर बांधीत होते, तर कोणी घरातले सामान विकीत होते!

सरकारने काय केले? नोव्हेंबर १९३१ पासून, विमाभत्त्याची मुदत संपलेल्या बेकारांच्या घरी मिळकतीची चौकशी सुरू केली. अधिकारी घरात येत, शिल्लक विचारीत, सामानावर नजर टाकीत. घरातील प्रत्येकाची कमाई एकत्र मोजली जाई. मुलाला काम लागले की बापाचा भत्ता कापला जाई. ज्याच्या हाताकडे कालपर्यंत घर पाहत होते, तो बाप मुलाच्या ताटातला वाटेकरी ठरला. आईबापांचा भत्ता टिकावा म्हणून कमावती मुले घर सोडून अन्यत्र बिऱ्हाड करू लागली. ही घरे व्यसनाने मोडली नाहीत, अश्रद्धेनेही नाहीत. ती कायद्याने मोडली. कुटुंबाच्या मिळकतीची ती अट रद्द व्हायला १९४१ साल उजाडले.

सार्वजनिक पैसा उधळला जाऊ नये, म्हणून चौकशी हवीच, असे कोणी म्हणेल. मान्य. परंतु गरज तपासणे वेगळे आणि मुलाच्या वेतनाची शिक्षा बापाला देणे वेगळे.

त्या नियमाआधी सहाच महिने, मे १९३१ मध्ये, पोप अकरावे पायस यांनी ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या विश्वपत्रात बजावले होते, की कामगाराचे वेतन त्याच्यासह त्याच्या कुटुंबाच्या पोषणास पुरेसे असले पाहिजे. हा न्यायाचा प्रश्न आहे, दयेचा नव्हे. ऑक्टोबर १९३६ मध्ये जॅरो या गावचे २०० बेकार पुरुष लंडनपर्यंत पायी गेले, तेही भिक्षा मागण्यासाठी नव्हे. गावची जहाजगोदी बंद पडली होती. त्यांना काम हवे होते. पंतप्रधान बाल्डविन यांनी त्यांची भेटही नाकारली.

वाचकहो, हे सारे दूरदेशीचे म्हणून बाजूला सारू नका. २०२० च्या टाळेबंदीत कित्येकांचे रोजगार गेले. अशा वेळी मदत मागणाऱ्याच्या घरात टीव्ही आहे, मुलीच्या कानात सोने आहे, मग याला मदत कशाला, असे आपल्यापैकी किती जण म्हणाले असतील? ती कर्णफुले विकल्यावरच तो आपल्या दयेस पात्र ठरणार काय?

धर्मग्रामाच्या मदतनिधीने दोनच गोष्टी विचाराव्यात : या घरात आज काय कमी आहे, आणि येथील कर्त्या माणसाला काम कोण देऊ शकेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुकाने, कारखाने आणि कचेऱ्या चालविणाऱ्या आपल्याच बांधवांकडे आहे. ते त्यांनी द्यावे.