दरवाजा खुशाल तोडा, डोकं मात्र सांभाळा

आज रक्तदाब नाही, साखर नाही. आज थोडं भांडायचं आहे, आणि तेही माझ्या आवडत्या मालिकेशी.

१९९८ साली सोनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न बोटं फिरवत विचारात पडले की आम्ही जेवणाचं ताट हातात घेऊन टीव्हीसमोर बसायचो. मालिका २०१८पर्यंत चालली, दीड हजारांहून अधिक भाग झाले. डिसेंबर २०२४मध्ये ती परत आली तेव्हा मीही हौसेने परत बसलो. पण या वेळी काही भागांतच माझा धीर सुटला. मालिका फारशी बदललेली नव्हती. मधल्या काळात माझी ओपीडी झाली होती.

अशक्य गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. दया एका धक्क्यात दरवाजा तोडतो. तो पाहून कुणी घरचा दरवाजा तोडायला जात नाही, कारण ही गंमत आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. खुन्याचा जुळा भाऊ निघाला, तरी चालेल. पण सगळ्याच थापा अशा ओळखू येत नाहीत. वैद्यकीय थापा तर नाहीच येत. त्या खऱ्या वाटतात, डोक्यात राहतात आणि नेमक्या अडचणीच्या वेळी वर येतात. हा दोष एकट्या ‘सीआयडी’चा नाही. सगळ्या थरारमालिका आणि सिनेमे पिढ्यान्‌पिढ्या हेच दाखवत आले आहेत.

डोक्यात फटका

नायकाच्या डोक्यात मागून काठी बसते. तो पडतो. पुढच्या दृश्यात डोळे उघडतो, मान झटकतो आणि गुन्हेगारामागे धावतो.

काही वर्षांपूर्वी एक तरुण स्कूटरवरून घसरला. दोन मिनिटं बेशुद्ध होता. मग उठला, चहा प्यायला, स्वतः चालत घरी गेला. घरच्यांना वाटलं, शुद्धीवर आला म्हणजे संकट टळलं. रात्री डोकं ठणकू लागलं, उलट्या झाल्या, गुंगी आली. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचत होतं. अशा दुखापतीत मधले काही तास रुग्ण अगदी ठीक दिसू शकतो, आणि तेच तास फसवतात. वेळेत शस्त्रक्रिया झाली म्हणून तो वाचला. त्याचे वडील मला म्हणाले, “डॉक्टर, शुद्ध आल्यावर काही होत नाही असंच वाटलं हो.” असं त्यांना कुणी शिकवलं? शाळेत तर नाहीच.

सरळ रेष आणि शॉक

पडद्यावर हृदयाची रेष सरळ होते, डॉक्टर छातीला शॉक देतात, रुग्ण उसळतो आणि रेष पुन्हा नाचू लागते. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या कुणालाही विचारा, सरळ रेषेला शॉक देत नाहीत.

वर्गात गोंधळ चालू असेल तर बाई टेबलावर छडी आपटतात. वर्ग क्षणभर गप्प होतो आणि कविता पुन्हा एका सुरात सुरू होते. शॉक म्हणजे ती छडी. हृदयातल्या विजेचा गोंधळ थांबवायला तो उपयोगी पडतो. वर्ग रिकामाच असेल तर छडी आपटून काय होणार? तिथे छाती दाबणं, श्वास देणं, अ‍ॅड्रेनॅलिन देणं आणि मूळ कारण शोधून उपचार करणं, एवढंच हातात असतं. बऱ्याचदा तेही पुरत नाही.

एका मुलीने वडील गेल्यावर मला विचारलं होतं, “तुम्ही शॉक का नाही दिला?” मी समजावलं. तिने मान हलवली, पण तिला पटलं नाही हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. आपल्या बापासाठी करण्यासारखं एक काम राहून गेलं, ही सल घेऊन ती घरी गेली. हे ओझं तिच्यावर टाकणाऱ्या लेखकाला त्याची कल्पनाही नसेल.

रुमाल आणि रंगीत नळ्या

क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की दोन सेकंदांत माणूस आडवा. एडिंबरोच्या डॉ. सिम्पसन यांनी १८४७मध्ये भुलेसाठी क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. त्याने बेशुद्ध व्हायला काही मिनिटं सतत हुंगावं लागतं आणि मात्रा चुकली तर श्वास किंवा हृदय थांबतं. भूल म्हणजे रुमाल, असं मनात बसलं की मग प्रश्न येतो, “भूलतज्ज्ञ वेगळे कशाला? ऑपरेशनआधी उपाशी का ठेवता?”

डॉ. साळुंखेंच्या नळीत रंग बदलला की विषाचं नाव हजर. प्रत्यक्षात शवविच्छेदन करणारे डॉक्टर वेगळे आणि व्हिसेरा तपासणारे रसायनतज्ज्ञ वेगळे. अहवालाला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर दुःखात असलेलं घर विचारत राहतं, “काही लपवताय का?”

“डॉक्टर, करमणूक आहे, सोडून द्या,” असं तुम्ही म्हणाल. याच मंडळींनी २००४मध्ये एकाही कटशिवाय १११ मिनिटांचा भाग चित्रित करून गिनीज बुकात नाव नोंदवलं होतं. एवढे कष्ट घेऊ शकणाऱ्यांना एका डॉक्टरला फोन करणं जड आहे का? आणि खरं दाखवल्याने थरार कमी होत नाही. बरा दिसणारा माणूस चहा पितोय आणि आत रक्त साचतंय, याहून मोठा थरार कोणता?

ते बदलतील तेव्हा बदलतील. तुम्ही एवढं लक्षात ठेवा:

- डोक्याला मार लागून क्षणभरही शुद्ध हरपली, किंवा नंतर उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ दिसला, तर लगेच रुग्णालय गाठा.
- कुणी कोसळला, हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ला फोन करा आणि छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाबत राहा. मिनिटाला १०० ते १२० वेळा.
- शरीरात घुसलेला चाकू किंवा सळई उपसू नका. तिनेच रक्त अडवून धरलेलं असू शकतं.
- साप चावल्यावर घट्ट बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका. हालचाल कमीत कमी करू द्या आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्या.

मालिका जरूर पाहा. आज रात्री मीही पाहणार आहे. फक्त कुणाच्या डोक्यात काठी बसली, की शेजारी बसलेल्या नातवंडाला हळूच सांगा, “बाळा, याला आत्ता दवाखान्यात न्यायला हवं होतं.”