एका सामन्याची कारकीर्द

शिरूर-दौंडकडे खेळाचा विषय निघाला की तीन वाक्यं ठरलेली. बास्केटबॉल उंच माणसांचा खेळ, आपला नव्हे. मोठा खेळाडू मोठ्या शहरातच घडतो. आणि तिसरं, सगळ्यांत पक्कं: पोरानं खेळायचं कशाला, तर खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून कुठंतरी चिकटायला. ही तिन्ही वाक्यं खोडायची तर साक्षीदार लांबचाच बरा. इथल्या कुणाचं नाव घेतलं की आधी त्याचा गट आणि त्याचं मंडळ निघतं. म्हणून मी लिथुआनियाच्या शारूनास मार्चुलिओनिसला बोलावतो.

हा गार्ड. बास्केटबॉलमध्ये चेंडू पुढे आणायचा, डाव रचायचा आणि फट दिसली की आत घुसायचं, हे गार्डचं काम. आपल्या कबड्डीतल्या चढाईपटूला त्याचा खेळ बघताक्षणी कळला असता: डावखुरा, दणकट, समोरच्याच्या अंगावर जाऊन वाट काढणारा. उंची १९६ सेंटिमीटर. आपल्याला हा आकडा मोठा वाटतो, पण त्याच्या धंद्यात ती मधली उंची. उंचीनंच सगळं होत असतं तर जगातले सर्वांत उंच म्हणून गणले जाणारे डच लोक या खेळाचे राजे झाले असते. पाच-पाच खेळाडूंच्या बास्केटबॉलमध्ये नेदरलँड्सला आजवर ऑलिंपिक पदक नाही. लिथुआनियाच्या पुरुषांनी १९९२, १९९६ आणि २००० अशी लागोपाठ तीन कांस्यपदकं घेतली.

आता मोठ्या शहराचं. मार्चुलिओनिस १९६४ साली कौनासमध्ये जन्मला. त्याच वर्षी, त्याच गावात बास्केटबॉलचा दुसरा मोठा खेळाडू आर्विदास साबोनिस जन्मला. त्या कौनासची लोकसंख्या आज तीन लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत एकट्या दौंड तालुक्याची लोकसंख्या त्याहून जास्त होती, शिरूरचीही. अख्खा लिथुआनिया तीस लाखांच्या आत, आणि आपला पुणे जिल्हा २०११मध्येच ९४ लाखांचा. तरीही १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये ज्या सोव्हिएत संघानं उपांत्य फेरीत अमेरिकेला ८२-७६ असं हरवून पुढं सुवर्ण जिंकलं, त्याचा कणा चार लिथुआनियन खेळाडूंचा होता. माणसं कमी पडतात म्हणून खेळाडू होत नाहीत, हे रडगाणं इथं संपायला हरकत नाही.

तिसऱ्या वाक्याशी मात्र जपून भांडावं लागतं. शहाण्यासुरत्यांचा एक वर्ग म्हणतो, नोकरीच्या आरक्षणानंच खेळाचा घात केला. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं ते पुरावा म्हणून पुढं करतात. प्रकरणं खरी, पण निष्कर्ष चुकीचा. सोव्हिएत काळात मार्चुलिओनिस तरी कुणाचं खात होता? तो व्हिल्नियसच्या स्तातिबा संघाकडून खेळायचा, आणि हा संघ बांधकाम क्षेत्राच्या आश्रयाचा. मॉस्कोचा सीएसकेए लष्कराचा. खेळाडू कागदोपत्री हौशी, पगार कुठल्या तरी खात्याचा. रेल्वे आणि पोलीस खात्याच्या जोरावर आपला निम्मा खेळ चालतो, त्याहून हे वेगळं काय होतं? पगारानं खेळाडू आळसावतो म्हणावं, तर हा गडी त्याच व्यवस्थेतून थेट अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, एनबीएत गेला. १९८९ साली तो गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे आला आणि १९९१-९२च्या हंगामात, बहुतेक वेळा बाकावरून उठून खेळत, त्यानं सामन्यामागे सरासरी १८.९ गुण काढले. पुढं पायाच्या आणि गुडघ्याच्या दुखापतींनी घेरलं, तीन संघ बदलले आणि १९९७ साली तो थांबला.

फरक पगारात नव्हता, वेळापत्रकात होता. स्तातिबाचा संघ हंगामभर लीग खेळायचा. पुढचा सामना कधी, कुठं, कुणाशी, हे खेळाडूला आधी ठाऊक असायचं. आपल्याकडं काय असतं? ‘चषक’. यात्रेचा चषक, नेत्याच्या वाढदिवसाचा चषक, दिवंगत कुणाच्या स्मरणार्थ चषक. दिवे लागतात, मॅट अंथरतात, निवेदकाचा घसा बसतो आणि स्पर्धा बाद पद्धतीनं दोन रात्रींत उरकते. सोळा संघ आले तर एकूण सामने पंधरा. त्यांतले आठ संघ चाळीस मिनिटं खेळून घरी जातात. एखाद्या पोरानं वर्षभर पहाटे उठून मेहनत करावी, पहिल्याच चढाईत पाय मुरगळावा आणि त्याचं वर्ष तिथंच संपावं. यातून खेळाडू तयार होत नाही, फार तर विजेता निवडला जातो. आणि खेळायला सामनेच नसले की हातात उरतं ते प्रमाणपत्र. बनावट प्रमाणपत्रांचा बाजार इथं उगवतो.

मार्चुलिओनिसच्या चरित्रातला मला सर्वांत मोठा वाटणारा भाग त्याच्या गुणांचा नाही. १९९०मध्ये देशानं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि हातात पैसा नव्हता. त्यानं संघ जमवला, मदतीसाठी वणवण केली. ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडनं पैसे दिले, रंगीबेरंगी शर्टही दिले. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये याच संघानं माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या एकत्रित संघाला ८२-७८ असं हरवून कांस्य मिळवलं. इथवरची गोष्ट माहितीपटवाल्यांना आवडते. पण १९९३ साली, एनबीएतली कारकीर्द चालू असतानाच, त्यानं मायदेशात लिथुआनियन बास्केटबॉल लीग उभी केली. ती आजही चालू आहे. कौनासचाच दुसरा गार्ड शारूनास यासिकेविचस अमेरिकेत कॉलेज करून परतला आणि १९९८-९९चा पहिला व्यावसायिक हंगाम याच लीगमध्ये व्हिल्नियसच्या संघाकडून खेळला. पुढं त्यानं तीन वेगवेगळ्या क्लबांकडून मिळून चार वेळा युरोलीग जिंकली. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध २८ गुण काढून साखळी सामना ९४-९० असा जिंकून दिला. आधी लीग, मग यासिकेविचस. क्रम उलटा नाही.

आता माझं मंडन. दौंडला रेल्वे आहे, राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत. शेजारी कुरकुंभची औद्योगिक वसाहत, शिरूरकडं रांजणगावची. साखर कारखाने आहेत, महाविद्यालयं आहेत. यांतून कबड्डीचे आठ संघ काढायला नवीन काही जन्माला घालावं लागत नाही. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, असं खेळलं की ५६ सामने होतात, प्रत्येक संघाला १४, आठवड्याला एक. बास्केटबॉलच हवं असा माझा हट्ट नाही. खेळ कुठलाही चालेल, वेळापत्रक हवं.

यावर उत्तर येईल की प्रो कबड्डी आहेच. आहे, २०१४पासून, आणि २०२३-२४च्या हंगामात पुणेरी पलटणनं ती जिंकलीसुद्धा. पण तो वरचा मजला. लिलावात बोली लागण्याआधी पोरानं किती सामने खेळलेले असतात, ते विचारा.

दुसरं उत्तर येईल, पैसा कुठून आणायचा. चषकांच्या रोख बक्षिसांतून, ढाली-करंडकांतून आणि मंडपाच्या भाड्यातून. राहिला नेत्यांचा प्रश्न, आणि खरी अडचण तीच आहे, कारण वाढदिवसाच्या चषकाला त्यांचा फलक लागतो. लागू दे की. चषकाचा फलक दोन रात्रींनंतर उतरवतात. लीगचा फलक चौदा आठवडे टांगलेला राहील, आठ मैदानांवर.