राउटरचा पासवर्ड कोणाकडे?

घरातली कोणती वस्तू कोणाच्या ताब्यात असते, याची यादी आपण शिबिरांमध्ये फळ्यावर अनेकदा लिहिली आहे. सातबारा कोणाच्या नावावर, पासबुक कोणाच्या कपाटात, गाडीची किल्ली कोणाच्या खिशात. या यादीत आता एक भर घालायला हवी असे माझे मत आहे. घरातल्या इंटरनेटच्या राउटरचा पासवर्ड कोणाकडे असतो? आणि आपल्या संस्थेच्या, गटाच्या कागदपत्रांचा?

मी नांदेडला राहते, माहेर लातूरचे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. गेली काही वर्षे मला एक छंद आहे. मी घरात एक लहानसा सर्व्हर चालवते. या शब्दाने दबून जायचे कारण नाही. मुलाने टाकून दिलेला लॅपटॉप, त्याला जोडलेली हार्ड डिस्क आणि त्यावर डेबियन नावाची फुकट मिळणारी प्रणाली, एवढाच तो सर्व्हर. तो दिवसरात्र चालू असतो आणि घरातले फोन, कॉम्प्युटर मागतील ते त्यांना देतो: फोटो, हिशेब, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली आईची ओव्यांची रेकॉर्डिंग. वीस वॅटचा धरला तरी महिन्याला साधारण १४ युनिट वीज लागते.

या छंदावर मिळणारे शेरे ऐकण्यासारखे असतात. "या वयात हे काय नवीन?" "जावयाला सांगायचे ना!" माझ्या भावाने हेच केले असते तर "त्याला पहिल्यापासून आवड आहे" असे कौतुक झाले असते. पुरुषाचा छंद हा छंद असतो. त्यासाठी त्याला वेळ मिळतो, पैसा मिळतो, एक टेबल मिळते आणि त्या टेबलावर कोणी जेवणाची ताटे ठेवत नाही. बाईचा छंद मात्र घराच्या उपयोगी पडला तरच चालतो: विणकाम, लोणची, फार तर बाग. यंत्र उघडून बसणे, ते बिघडले म्हणून रात्री बारापर्यंत कारण शोधणे आणि सापडल्यावर स्वतःशीच खूष होणे, हा आनंद आपल्या वाट्याचा नाही असे आपणच धरून चालतो. फुरसत हा हक्क आहे असे आपण म्हणतो, तर फुरसतीत काय करायचे हे ठरवणेही त्यात आले.

पण प्रश्न केवळ छंदाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, बायकांपैकी फक्त ३३ टक्क्यांनी. स्वतः वापरता येईल असा मोबाइल निम्म्याहून थोड्याच अधिक बायकांकडे होता. ही आकडेवारी सांगताना आपण "बायकांना इंटरनेट मिळाले पाहिजे" एवढेच म्हणतो. पण मिळालेले इंटरनेट कोणाच्या हातातून येते, हे विचारत नाही.

राउटर म्हणजे घराचा नाका. घरातला प्रत्येक फोन बाहेर जातो तो याच नाक्यावरून. राउटरचा मुख्य पासवर्ड ज्याच्याकडे, त्याला घरात कोणता फोन किती वाजता जोडला गेला ते कळते. कोणाचा फोन बंद पाडायचा, कोणती साइट अडवायची, हे तो ठरवू शकतो. तुमच्या संदेशातला मजकूर सहसा त्याला वाचता येत नाही, पण फोनने कोणकोणत्या साइटचे नाव विचारले हे बरेचदा दिसू शकते. एखाद्या बाईने रात्री कौटुंबिक हिंसाचार कायद्याची माहिती शोधली, महिला आयोगाचे पान उघडले, तर ते कोणाला कळावे? ज्याच्याविरुद्ध तिला तक्रार करायची आहे त्यालाच?

म्हणून कार्यकर्त्यांना एक सांगणे आहे. नवरा पाळत ठेवतो असा संशय असलेल्या बाईला घाईने पासवर्ड बदलायला सांगू नका. बदल त्याच्या लगेच लक्षात येतो आणि धोका वाढतो. तिने आधी दुसऱ्या जागेवरून, दुसऱ्या फोनवरून बोलावे. तिच्या सुरक्षिततेचा विचार आधी, यंत्राचा नंतर. पण हा सल्ला देण्यासाठीसुद्धा राउटर काय करतो हे आपल्याला ठाऊक असावे लागते.

ते समजणे कठीण नाही. इंटरनेट बंद पडले की घरात "नेट गेले" अशी आरोळी उठते आणि कोणीतरी पुरुष उठून राउटरचे बटण बंद-चालू करतो. आपण क्रमाने जाऊ. आधी दिवे बघावेत: वीज आहे का, बाहेरून आलेल्या फायबरचा दिवा नीट आहे का. मग वायर: उंदराने कुरतडली का, खाच सैल झाली का. मग राउटरला हाक मारावी. या हाकेला पिंग म्हणतात. राउटरने ओ दिली तर घरातली बाजू ठीक आहे. मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला हाक मारावी. तोही ओ देतो, पण साइट नावाने उघडत नाही, तर नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, अडली आहे. स्वयंपाकघरात गॅस पेटत नसेल तर आपण टाकी, रेग्युलेटर, नळी, बर्नर असेच क्रमाने बघतो. डोके तेच लागते.

एकदा आमच्याकडे सगळेच ठप्प झाले. सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. आवराआवरीत कोणीतरी एकाच वायरची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचली होती. त्यामुळे निरोप गोल गोल फिरत राहिले आणि वाढत गेले. जाळ्यातली अशी वर्तुळे आपोआप तोडण्याची युक्ती १९८५ मध्ये रेडिया पर्लमन या अमेरिकन अभियंता बाईने शोधली. जगभरची जाळी त्या युक्तीवर चालत आली आहेत. आमच्या स्वस्त स्विचमध्ये ती सोय नव्हती, म्हणून एकेक वायर काढून दोष शोधावा लागला. यंत्रातले बायकांना कळत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे नाव जरूर सांगावे.

त्याहून जवळचे दाखले आपल्या भागात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात, स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या महिला मंडळांच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. भूकंपात टिकेल अशी भिंत कशी असते हे त्या शिकल्या, घरोघर सांगू लागल्या, चाललेल्या बांधकामावर नजर ठेवू लागल्या. बिदरच्या पलीकडे झहीराबादजवळ माचनूर गावात १५ ऑक्टोबर २००८ रोजी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या शेतकरी बायकांचा संगम रेडिओ सुरू झाला. नरसम्मा याच नावाच्या दोन दलित स्त्रियांनी त्याचे स्टुडिओ आणि प्रक्षेपणाचे काम हाती घेतले. या बायका अभियंता नव्हत्या. त्यांना शिकायला जागा मिळाली, वेळ मिळाला आणि यंत्राला हात लावू दिला गेला, एवढेच.

आता आपल्या संस्थांकडे वळू. माझ्या ओळखीच्या एका गटाची अनेक वर्षांची कागदपत्रे, पीडित बायकांचे अर्ज आणि जबाबांसकट, एका हितचिंतक गृहस्थांच्या ईमेल खात्यात होती. त्यांची बदली झाली, फोन नंबर बदलला, खाते उघडेना. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण बायकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी एका पुरुषाच्या खात्यात होत्या आणि एक दिवस त्या कोणालाच मिळेनात. असे गट कमी नसावेत. आपण पितृसत्तेवर व्याख्याने देतो आणि पासवर्ड विचारायला कोणाच्या तरी भाच्याला फोन करतो.

यावर उपाय म्हणून प्रत्येकीने घरी सर्व्हर ठेवावा असे मी म्हणत नाही. त्याला जागा लागते, थोडा पैसा लागतो, वीज लागते. पत्र्याच्या एका खोलीत पाच माणसांनी राहणाऱ्या बाईला हा उपदेश करणे निर्लज्जपणाचे होईल. मोठ्या कंपन्यांचा क्लाउड चोरांपासूनचा पहारा आपल्यापेक्षा चांगला ठेवतो, हेही खरे. घरचा सर्व्हर आपोआप सुरक्षित होत नाही. डिस्कला कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, हवे. दुरुस्त्या वेळेवर चढवायला हव्यात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवला तर तो तापून बंद पडतो. वीज अचानक गेली की फाइली मोडतात, म्हणून यूपीएस लागतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगली तर ती तशीच वापरणे धोक्याचे असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रतींची. एका जागी एकच प्रत असणे म्हणजे नसल्यातच जमा. गोदावरीचे पाणी चढले की काय होते हे नांदेडच्या बायकांना सांगायला नको. म्हणून माझ्या सर्व्हरची दुसरी प्रत लातूरला बहिणीच्या घरी रोज रात्री आपोआप जाते. सुरुवातीला ती जाईना. माझी इंटरनेट जोडणी अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देणारी निघाली. मोठा वाडा, आत शंभर बिऱ्हाडे, पोस्टमनला ठाऊक फक्त वाड्याचे दार, असा प्रकार. बहिणीच्या जोडणीला मात्र स्वतंत्र पत्ता होता. मग वायरगार्ड नावाचा खासगी बोगदा तिच्या टोकाला उघडला आणि हाक माझ्याकडून मारली. बहीण दहावी शिकलेली आहे. तिकडच्या टोकाला काही अडले की आता तीच आधी दिवे बघते, मग वायर, मग मला फोन करते.

एक धोका मात्र आपल्यातलाच आहे. ज्या बाईला यंत्र कळते, तीच पुढे गटाची नवी मालकीण होऊ शकते. "तिलाच विचारा, आम्हाला काय कळते" हे वाक्य पुरुषाऐवजी बाईबद्दल म्हटले म्हणून समता येत नाही. संस्थेचा पासवर्ड किमान दोघींकडे असावा, लिहून बंद पाकिटात ठेवावा, आणि दर वर्षी काम दुसरीने शिकून हाती घ्यावे. कोणती कागदपत्रे कोणी पाहायची हेही बैठकीत ठरावे. ज्या बाईचे ते कागद आहेत, तिला विचारून ठरावे.

म्हणून गटांना माझी सूचना आहे. पुढच्या मासिक बैठकीत तीन प्रश्न घ्या. आपले कागद नेमके कोठे आहेत? त्यांची किल्ली कोणाकोणाकडे आहे? उद्या ती जागा बुडाली, जळाली किंवा माणूस निघून गेला, तर दुसरी प्रत कोठे आहे? उत्तरे लिहून काढा. मग एक जुना लॅपटॉप टेबलावर घ्या, राउटर पालथा करून मागची चिठ्ठी वाचा, आणि जिने कधीच हात लावलेला नाही तिला पहिली वायर काढायला सांगा. काय घडले ते आम्हाला जरूर कळवा.