खळे पाहा, पण सूर्य झाकून

सूर्याभोवती मोठे कडे दिसले की गावोगावचे मोबाइल वाजू लागतात. २४ मे २०२१ रोजी बेंगळुरूत असे खळे पडले, तेव्हा छायाचित्रे देशभर फिरली. कोणाला त्यात अरिष्ट दिसते, कोणाला पाऊस. मूळ कारण आहे बर्फ! खाली नगर-पाथर्डीत ऊन अंग भाजत असले, तरी आठ-दहा किलोमीटरवरचे विरळ ढग गोठलेलेच असतात. त्यांतल्या षट्कोनी हिमकणांतून जाताना किरण साधारण २२ अंशांनी वळतात आणि कडे उमटते. त्याची आतली कड तांबूस असते.

इंद्रधनुष्य पाहताना सूर्य पाठीशी असतो, इथे तो समोर. धोका तोच. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. त्यामुळे टक लावून पाहताना काहीच जाणवत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो आणि काहींचा तो कायमचा राहतो. साधा गॉगल, जुनी एक्स-रे फिल्म, परातीतले पाणी, यांपैकी कशाचाही भरवसा नाही. भिंतीच्या कोपऱ्याआड सूर्य पूर्ण लपवावा, मगच वर पाहावे. हात लांब करून वीत धरली, तर सूर्यापासून कड्यापर्यंतचे अंतर जवळपास तेवढेच भरते. शाळांनी मुलांना हे करून दाखवावे.

राहिला पाऊस. पर्जन्यछायेतला आपला जिल्हा खळ्याकडे आशेने पाहणारच. पण ते फक्त उंचावर ढग असल्याचे सांगते. पेरणीसाठी जमिनीत ओल किती खोल गेली, तेच पाहावे लागते.